जुन्या व्हिडिओ कॅसेट डिजिटल करायच्या आहेत? दुकान असं निवडा

लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या कॅसेट माळ्यावर पडून असतील तर हे काम पावसाळ्याआधी उरका. ठाणे-नवी मुंबईच्या खाडीकाठच्या दमट हवेत टेपला बुरशी धरते. शिवाय नवे व्हीसीआर आता मिळत नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, त्यानंतर सगळा कारभार जुन्या, दुरुस्त केलेल्या यंत्रांवर चालतो.

आधी हातातली कॅसेट ओळखा. पुस्तकाएवढी ती व्हीएचएस. ऑडिओ कॅसेटच्या आकाराची, पण जाडसर असेल तर बहुधा व्हिडिओ-८ किंवा हाय-८. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी ती मिनी-डीव्ही. व्हीएचएसवर ‘ई-१८०’ लिहिलं असेल तर ती नेहमीच्या वेगात तीन तासांची. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट तिथल्या एनटीएससी या टीव्ही पद्धतीची असते, आपल्याकडची ‘पाल’ (PAL) पद्धतीची. अमेरिकेची कॅसेट वेगळी काढून दुकानात तसं सांगा.

आता प्रत्येक कॅसेट खिडकीशी न्या. चाकांच्या खिडकीतून टेपची गुंडाळी तिरक्या उजेडात बघा. काळ्या टेपच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट घरच्या व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नका: बुरशी टेप वाचणाऱ्या हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवा. व्हीएचएसच्या पाठीवरची छोटी प्लास्टिकची पट्टी शाबूत असेल तर तोडून टाका, म्हणजे चुकून वरून रेकॉर्डिंग होणार नाही.

नौपाड्यात, ठाणे स्टेशनच्या आसपास किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये फोटो स्टुडिओंत चौकशी करा. पहिला प्रश्न दराचा नको. विचारा, ‘काम इथेच होतं की बाहेर पाठवता?’ काही ठिकाणी कॅसेट फक्त जमा करून घेतात. बाहेर जात असेल तर कुठे जाते आणि कोण आणतं-नेतं, हे कळल्याशिवाय कॅसेट देऊ नका.

दुसरा प्रश्न टाइम बेस करेक्टरचा, म्हणजे हलणारं चित्र सावरणारं यंत्र वापरता का, हा. जुन्या टेपवर चित्राच्या ओळी किंचित मागेपुढे सरकतात. त्या सावरल्या नाहीत तर उभ्या कडा थरथरतात, मधल्या फ्रेम गळतात, आणि तासाभरात ओठ एकीकडे नि आवाज दुसरीकडे अशी अवस्था होते. मिनी-डीव्हीसाठी मात्र फायरवायर केबलनेच काम करतात का, ते विचारा. त्या टेपवरची माहिती मुळातच डिजिटल असते. फायरवायरने ती जशीच्या तशी उतरते, तासाला सुमारे १३ जीबी. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने घेतली तर दर्जा विनाकारण उतरतो.

दर कॅसेटमागे की तासामागे, आणि कोरी निघाली तर काय, हे पावतीवर लिहून घ्या. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. वीस कॅसेट संध्याकाळपर्यंत देतो म्हणणाऱ्याला एकावेळी किती यंत्रं चालतात ते विचारा.

लग्नाची कॅसेट पहिल्यांदा देऊ नका. कमी जिव्हाळ्याची एक द्या आणि फाइल घरी टीव्हीवर नीट तपासा. चेहरे आडवे पसरले असतील तर जुन्या टीव्हीच्या ४:३ आकाराचं चित्र ताणलंय. अक्षता टाकणाऱ्या हातांकडे बघा: हलत्या बोटांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसल्या तर इंटरलेस, म्हणजे एकाआड एक ओळींनी बनलेलं जुनं चित्र, नीट जुळवलेलं नाही. शेवटपर्यंत पुढे न्या. मध्ये कोरा भाग आला की काही जण कॅप्चर थांबवतात, आणि त्याच कॅसेटवर पुढे बारसं असतं!

नमुना पटला की प्रत्येक कॅसेटवर क्रमांक घाला, सगळ्यांचा एकत्र फोटो काढा आणि जमेल तर स्वतः नेऊन द्या. फाइल एमपी४ मध्ये, तासाला २ ते ३ जीबी इतक्या दर्जाची मागा. डीव्हीडीवर समाधान मानू नका. पेन ड्राइव्ह एक्स-फॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा, कारण फॅट-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि मग चित्रण तुकड्यांत मिळतं.

फाइल हातात आल्या की त्याच दिवशी दुसऱ्या हार्ड डिस्कवर प्रत काढा. मूळ कॅसेट परत घ्याच. त्या पुस्तकासारख्या उभ्या, कोरड्या कपाटात ठेवा. बाथरूमवरच्या माळ्यावर पुन्हा नको.