केसांना मेंदी लावताना टाळूचे नुकसान करणाऱ्या चुका

गणपतीच्या आधी कोकणात घरोघरी केसांना मेंदी लागते आणि उत्सव सरता सरता डोक्याला खाज सुटल्याच्या तक्रारी सुरू होतात. दोष अर्थातच मेंदीला दिला जातो. शुद्ध मेंदीचीही अ‍ॅलर्जी होऊ शकते, पण ती क्वचितच. बहुतेक वेळा मूळ कारण तिच्यात मिसळलेल्या वस्तूंत किंवा ती लावण्याच्या पद्धतीत असते.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे ‘काळी मेंदी’ नावाने मिळणारी पूड नैसर्गिक समजून वापरणे. मेंदीच्या पानातील लॉसोन हे रंगद्रव्य केसांतील केराटिन या प्रथिनाला चिकटते आणि नारिंगी-तांबडा रंग देते. काळा रंग ते देऊच शकत नाही. त्यामुळे तासाभरात केस काळेभोर करणाऱ्या पाकिटात बहुधा पॅराफेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी, हे रसायन असते. त्याची अ‍ॅलर्जी फसवी असते, कारण पहिल्या एक-दोन वेळा काहीच होत नाही, शरीर मात्र त्या रसायनाला ओळखू लागते आणि पुढच्या खेपेला एक ते तीन दिवसांनी कानामागे, मानेवर व कपाळावर पुरळ उठते, कधी पापण्या सुजतात. ‘आजवर कधी त्रास झाला नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच कुचकामी आहे. पाकिटावरील घटकांची यादी वाचावी, आणि कालवलेली मेंदी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून, धुऊन, ४८ तास वाट पाहावी. ही चाचणी चतुर्थीच्या आदल्या दिवशी करून उपयोग नाही.

असे पुरळ उठल्यावर आपल्याकडे ते पित्त समजून त्यावर आमसुलाचे पाणी लावण्याची पद्धत आहे. सोललेल्या किंवा पाझरणाऱ्या त्वचेवर आंबट पाणी झोंबते, आणि उपचारांना उशीर होतो तो वेगळाच.

दुसरी चूक मेंदी भिजवतानाची. लोखंडी कढईत, चहाच्या पाण्यात मेंदी कालवल्याने रंग थोडा गडद होतो, त्यात फारसे वावगे नाही. परंतु रंग चढावा म्हणून दोन-तीन लिंबे पिळली, तर आधीच कोरड्या किंवा खाजवून ओरखडलेल्या त्वचेची आग होते. थोडे दही पुरेसे आहे.

पावसाळ्यातील दमट हवेत लेप लवकर वाळत नाही, म्हणून तो रात्रभर ठेवला जातो आणि धुतल्यावर ओले केस तसेच बांधले जातात. डोके असे तासन्‌तास ओले राहिले, की कोंड्याशी संबंध असलेल्या मॅलासेझिया या बुरशीला वाढायला वाव मिळतो. ही बुरशी त्वचेवरील तेलावर जगते, त्यामुळे कोंडा झाला म्हणून वर खोबरेल थापणे हा उपाय उलटा पडू शकतो (आजीचा सल्ला मोडणे जड जाते, हे मान्य). लेप दोन-तीन तासांत धुवावा आणि केस मुळापर्यंत वाळवावेत.

धुण्याकडेही दुर्लक्ष होते. पानांचा बारीक चोथा मुळाशी राहिला, तर तो पांढरा नसूनही कोंड्यासारखाच खाजतो. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, त्यात शाम्पूला फेस येत नाही आणि चोथा निघत नाही; अशा ठिकाणी शेवटचे पाणी तरी गोडे वापरावे. मेंदी बारीक वस्त्रगाळ केलेली असली, तर हा त्रास मुळातच कमी होतो.

लहान बाळांच्या डोक्याला मात्र मेंदी लावूच नये. ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असते, त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी मेंदीने फुटू शकतात, आणि ही कमतरता बाळाकडे बघून कळत नाही.

आग किंवा सूज जाणवताच लेप भरपूर पाण्याने धुवावा. डोळे सुजले किंवा श्वास लागला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे, आणि मेंदीचे रिकामे पाकीट सोबत न्यावे, म्हणजे डॉक्टरांना आतील घटक वाचता येतील.