या चुका टाळा: खाडीत फिरायची उथळ लाकडी शिडाची बोट

प्लायवूड आणि इपॉक्सी (हार्डनर कालवला की घट्ट होणारा डिंक) वापरून भाड्याच्या शेडमध्ये वीस-बावीस फुटी शिडाची बोट बांधता येते. आराखडे विकत मिळतात, आणि हातात थोडीफार सुतारकी व भरपूर चिकाटी असेल तर काम पार पडतं. दोन माणसं, आठवडाभराचं पाणी आणि शिधा, वर एक सोलर पॅनेल. बंदराच्या धक्क्यावर अवलंबून न राहता बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग करत तेरेखोलपर्यंत जावं आणि प्रत्येक खाडीत मोठ्या बोटी जिथे वळतात त्याच्या कितीतरी आत घुसावं, हा त्यातला मोह. आमच्या किनाऱ्याला अशीच बोट हवी. फूटभर पाण्यात तरंगणारी, ओहोटीला वाळूवर सरळ बसणारी.

गडबड होते ती ‘फूटभर’ या आकड्यामुळे. आराखड्यावर तो छापलेला असतो, म्हणून माणूस धरून चालतो की तो कायमचा आपल्या मालकीचा. प्रत्यक्षात बांधणीच्या पहिल्या दिवसापासून आपणच तो खात जातो.

वजन

गणित सोपं आहे. समजा पाण्याच्या रेषेवर बोटीचं क्षेत्रफळ आठ चौरस मीटर आहे. मग ऐंशी किलो वाढले की बोट एक सेंटिमीटर खाली बसते. आता मोजा: शंभर लिटर पाणी, दोन माणसं, लेड-ॲसिड बॅटरी, नांगर आणि साखळी, छोटं आउटबोर्ड इंजिन आणि पेट्रोल, शेगडी, भांडी, अंथरुणं. चारशे किलो कुठेच गेले नाहीत. म्हणजे पाच सेंटिमीटर. आराखडा काढणाऱ्याने हे धरलेलं असतं. धरलेलं नसतं ते तुमचं ‘जरा मजबूत करूया’. नऊ मिलिमीटरच्या जागी बारा मिलिमीटरचं प्लाय घातलं, तर वीस चौरस मीटरमागे चाळीस किलोहून जास्त वजन वाढतं, आणि आपल्याकडचं टणक लाकडाचं प्लाय मुळातच जड. त्यात काचेच्या कापडाचा आणखी एक थर, सागाची जाड फळी, बसायला कपाटं. बोट पाण्यात ढकलेपर्यंत ठरलेली पाण्याची रेषा दोन बोटं पाण्याखाली गेलेली असते.

बहुतेक सामान मागच्या बाजूला साठतं, कारण बसायची जागा तिथे. मग मागचा भाग पाण्यात ओढला जातो, बोट मंद होते, आणि ती किती खाली बसली ते नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, बघून कळतही नाही. पिण्याचं पाणी बोटीच्या मध्यावर, तळाशी, दहा-दहा लिटरच्या कॅनमध्ये ठेवा. एक मोठी टाकी दिसायला नीटस, पण ती गळली की सगळं पाणी एकदम गेलं.

याच्या उलटी चूकही होते: हलकी करायची म्हणून नीरम (बोट स्थिर राहावी म्हणून तळात ठेवलेलं वजन) काढून टाकणं. रुंद सपाट तळाची बोट सुरुवातीला फार घट्ट वाटते, काठावर उभे राहिलात तरी हलत नाही. त्या भरवशावर शीड ताणून धरलं की एका कोनानंतर ती अचानक सोडून देते. उथळ बोट समुद्रात टिकतच नाही असं नाही. फ्लोरिडातल्या बिस्केन बेसाठी राल्फ मन्रो यांनी १८८६ साली आखलेली २८ फुटी ‘एग्रेट’ याच जातीची होती: दोन्ही टोकं निमुळती, तळ अरुंद आणि सपाट, बाजू बाहेर झुकलेल्या. बोट कलली की त्या झुकलेल्या बाजू पाण्याला टेकून तिला सावरतात. म्हणून आराखड्यातला बाजूंचा झुकाव ‘आत जागा मिळावी’ म्हणून सरळ करू नका. आणि वारा वाढतोय असं वाटलं की शीड आखडा. लाटांवर पांढरा फेस दिसेपर्यंत थांबणं म्हणजे उशीरच.

प्लाय, स्क्रू आणि इपॉक्सी

दुकानदार ‘मरीन’ म्हणेल ते मरीन नसतं. प्लायच्या पत्र्यावर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) असा शिक्का हवा. त्यातल्या डिंकाला बहात्तर तास उकळत्या पाण्यात टिकावं लागतं. पण शिक्का डिंकाबद्दल बोलतो, आतल्या पोकळ्यांबद्दल त्याची फारशी खात्री देता येत नाही. पत्रा कापला की कड नीट बघा. थरांमध्ये काळी फट दिसली तर त्या रेषेवर नाणं ठोकत जा, आवाज जिथे भदभद येतो तिथे पोकळी. तो तुकडा कपाटाला वापरा, तळाला नको. विकत घेण्याआधी वीतभर तुकडा मागून घरी दिवसभर पातेल्यात उकळणं हा सगळ्यात स्वस्त विमा. घरचे कुरकुरतील.

प्लाय सडतं ते कडेने आणि भोकातून. समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी जास्त वाईट, कारण कुजवणाऱ्या बुरशीला तेच मानवतं. प्रत्येक कड इपॉक्सीने तीनदा भिजवा. डेकवर काही बसवायचं असेल तर भोक मुद्दाम मोठं पाडा, घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा, आणि सुकल्यावर त्यात स्क्रूचं भोक पाडा. कंटाळवाणं काम आहे. कोपऱ्याकोपऱ्यात शेवटचे दहा स्क्रू तसेच मारले जातात आणि सड तिथूनच सुरू होते.

पितळी स्क्रू स्वस्त आणि गंजत नाहीत असा समज आहे. गंजत नाहीत हे खरं, पण खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे उरतो गुलाबीसर, भुसभुशीत तांब्याचा सांगाडा. स्क्रूचं डोकं बाहेरून शाबूत दिसतं. पेचकस लावून पिळलं की डोकं हातात येतं आणि दांडी लाकडात राहते. पाण्याखाली सिलिकॉन ब्राँझ वापरा. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस डेकवर ठीक, पण ओल्या लाकडात कायम दडलेलं स्टेनलेससुद्धा हवा न मिळाल्याने आतून खाल्लं जातं.

इपॉक्सी कोकणात वेगळं वागतं आणि परदेशी पुस्तिका त्याबद्दल दोन ओळींत आटोपतात. दमट हवेत सुकणाऱ्या थरावर मेणचट, बोटाला चिकट लागणारी साय येते. नवखा माणूस ती सरळ पॉलिश पेपरने घासतो. त्याने साय निघत नाही, पृष्ठभागात माखली जाते, आणि वरचा थर किंवा रंग महिन्याभरात पापुद्र्यासारखा सुटतो. थिनर फिरवूनही नीट जात नाही. साधं पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी घ्या, धुवा, पुसा, मगच घासा.

दुसरी गोष्ट वेळेची. सकाळी कोऱ्या लाकडावर इपॉक्सी लावलं की दिवस चढतो तसं लाकूड तापतं, त्यातली हवा फुगून बाहेर येते आणि थरभर बुडबुडे. दुपार कलल्यावर, लाकूड निवायला लागताना लावा, म्हणजे हवा आत आकसते आणि इपॉक्सी सोबत ओढून घेते. हार्डनर सावकाश सुकणाराच घ्या, आणि कालवलेलं मिश्रण डब्यात न ठेवता पसरट ट्रेमध्ये ओता. एप्रिलमध्ये अर्धा लिटर इपॉक्सी डब्यात तसंच राहिलं तर काही मिनिटांत धूर निघतो. सागाची फळी चिकटवताना आधी ॲसिटोनने पुसून घ्या, सागाचं तेल डिंकाला धरू देत नाही.

सेंटरबोर्ड आणि सुकाणू

उथळ बोटीला वारा येतो त्या बाजूकडे चढत जायला सेंटरबोर्ड (तळातल्या पेटीतून खाली सोडायचं पातं) हवा, आणि गळती व अडकणं या दोन्ही तक्रारी बहुधा त्याच्याच. पेटीला वरून झाकण ठेवा, कायमची बंद करू नका. ओहोटीला चिखलावर बसलेली बोट पुन्हा तरंगते तेव्हा फटीत खडे आणि गाळ भरलेला असतो आणि बोर्ड खाली येत नाही. हातोड्याने ठोकू नका. बोर्ड वाकला तर तो वरही जाणार नाही. खोल पाण्यात जा, बोट दोन्ही बाजूंना डोलवा, वरून पट्टीने दाबा. बोर्डच्या मागच्या खालच्या कोपऱ्याला बांधणीच्या वेळीच एक भोक पाडून ठेवलं तर अडकल्यावर त्यात दोरी ओवून खाली ओढता येतं. पेटीच्या आतल्या बाजूंना इपॉक्सी आणि काचेचं कापड जोडणीआधीच लावावं लागतं, नंतर तिथे ब्रश जात नाही.

सुकाणूचं पातं स्थिर आणि खोल ठेवणं ही नेहमीची चूक. बोर्ड वर घेतला, बोट फूटभर पाण्यात, आणि पातं दोन फूट खाली! पहिला खडक त्यालाच लागतो. उचललं जाणारं पातं घ्या. मात्र त्याचीही एक खोड असते: चालत्या बोटीत सुकाणू अचानक हाताला जड झालं तर वाऱ्याला दोष देण्याआधी मागे बघा. दोरी सैल होऊन पातं अर्धवट मागे उचललं गेलेलं असतं. खाली ओढून बांधलं की जडपणा गेला.

भरतीचं पाणी

तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची रीत किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. वेळेपुरती ती बरी. पाणी किती चढेल ते ती सांगत नाही. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या आसपास वरखाली होतं, मार्मागोव्यात दोन मीटरच्या आतबाहेर. उत्तरेकडची सवय घेऊन दक्षिणेत गेलात तर फसणार नाही. उलट गेलात तर फसाल.

ओहोटीचं पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी पाव पाणी जातं. चार मीटरच्या ओहोटीत तेव्हा मिनिटाला दीड सेंटिमीटरहून जास्त उतरतं. तळ टेकल्यावर ‘बघू, एक चहा घेऊ’ म्हणालात तर पाच मिनिटांत आठ सेंटिमीटर गेले, आणि बोट ढकलून हलेनाशी झाली. लगेच उतरून ढकला. उतरण्याआधी बांबू टोचून बघा. वाळू असेल तर उडी मारा, गाळात बांबू सरसर जात असेल तर बोटीतच राहा. वीतवीतभर खुणा केलेला लांब बांबू मीटरभर पाण्यात इकोसाउंडरपेक्षा जास्त उपयोगी, हे माझं ठाम मत.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, भरतीच्या शेवटच्या पाण्यात, ‘अजून थोडं आत’ असं करत खाडीच्या टोकाला जाऊन बसणं ही सगळ्यात महागडी चूक. त्यानंतर भरती दिवसेंदिवस कमी चढत जाते. भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या, सगळ्यात कमी चढणाऱ्या) भरत्यांत बोट कोरड्यावर, आणि सुटका पुढच्या उधाणाला, तेही ते तितकं चढलं तर. आत जायचंच तर वाढत्या उधाणाच्या दिवसांत जा. बसायची जागा ओहोटीला चालून बघा: कालवांचा खडक किंवा डोल जाळ्याच्या मोडक्या खुंटाची टोकं प्लायच्या तळाला भोक पाडायला पुरेशी आहेत.

खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या पट्ट्यावर तर उथळ बोटीचा मालक जास्तच निर्धास्त होतो. ‘आपल्याला फूटभरच पाणी लागतं.’ बोटीला लागतं, लाटेला नाही. लाट आपल्या उंचीच्या सव्वा-दीडपट खोलीवर येऊन फुटते. म्हणजे दीड मीटर पाण्यावर मीटरभराची लाट फुटणार, तुमची बोट तिथे पाचदा तरंगत असली तरी. त्यात ओहोटीचं पाणी बाहेर ओढत असेल आणि समोरून दुपारचा वायव्येचा वारा असेल तर लाटा उभ्या राहतात. भरतीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात, सकाळच्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडा. स्थानिक होड्या कुठून जातात ते आदल्या दिवशी बघा, किंवा धक्क्यावरच्या एखाद्या तांडेलकाकांना विचारा. ते सांगतात, आणि सोबत दोन शिव्याही देतात.

नांगराची दोरी मोजताना समोर दिसणारं पाणी मोजू नका. आत्ता मीटरभर आहे, भरतीने तीन मीटर वाढेल, नाळ पाण्यापासून अर्धा मीटर वर: साडेचार मीटर झाले. त्याची पाचपट, म्हणजे साडेबावीस मीटर दोरी सोडायची. पाच मीटर सोडून झोपलात तर मध्यरात्री बोट नांगर उचलून फिरायला निघते.

विजेबद्दल फार लिहीत नाही. पॅनेलवर डोलकाठीची सावली पडली तर वीज सावलीच्या मापाने नाही, त्याहून कितीतरी जास्त घटते, म्हणून पॅनेल दोऱ्यांनी हलवता येईल असं बांधा. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊ नका. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ.

तळात पाणी सापडलं तर भोक शोधत सुटण्याआधी त्यात हाताचं बोट बुडवून चाखा. खारट लागलं तर तळ किंवा बोर्डची पेटी. गोडं लागलं तर पाऊस, कॅन, किंवा बंद केबिनमध्ये साचलेलं दव, आणि मग दुरुस्ती डेकवर करायची, तळाला नाही.

पावसाळ्यात बोट वर ओढलीत की निळा प्लास्टिकचा कागद गुंडाळून बांधू नका, आत घाम धरून चार महिन्यांत सड लागते. वर झाप किंवा ताडपत्री उंच ठेवा, पुढची-मागची बाजू उघडी, कपाटांची दारं उघडी, नाळ वर उचललेली, म्हणजे आत शिरलेलं पाणी मागे वाहील. तळाची बुचं काढा, आणि ती सुकाणूच्या दांड्याला दोरीने बांधून ठेवा. नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात ढकलायच्या घाईत ती घरच्या खणात राहिलेली असतात.