बिल डिस्काउंटिंगमधली वैयक्तिक हमी आणि वसुलीचे वाद : या चुका टाळा

बिल डिस्काउंटिंग म्हणजे विकलेल्या मालाचे बिल फायनान्स कंपनीला देऊन त्यावर मुदतीआधीच पैसे उचलणे. त्याची लिमिट मंजूर झाली की सह्यांसाठी कागदांचा गठ्ठा समोर येतो. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असतात. त्यातला एक कागद गॅरंटी डीड असतो : कंपनीने फेडले नाही तर मी स्वतः भरीन, अशी लिहून दिलेली वैयक्तिक हमी. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, कर्ज कंपनीचे आणि घर माझे, या भरवशावर धंदा करणारा उद्योजक त्या एका सहीने तो भरवसा स्वतःच मोडतो. बहुतेकांना हे कळते ते वसुलीची नोटीस घरच्या पत्त्यावर आल्यावर. पुढच्या चुका भारतातल्या लघुउद्योगांत पुन्हा पुन्हा होतात आणि त्यातल्या बऱ्याच टाळता येण्यासारख्या आहेत.

“खरेदीदार मोठा आहे, पैसे बुडणार नाहीत”

सगळ्यात महागात पडणारी समजूत ही. खरेदीदार नामांकित आहे म्हणून संचालक निर्धास्त सही करतो, पण ‘विथ रिकोर्स’ व्यवहारात (खरेदीदाराने दिले नाहीत तर पैसे पुरवठादाराकडून वसूल होतात) ही हमी नेमकी त्याच खरेदीदाराने पैसे न देण्याची असते. त्याने का दिले नाहीत, याच्याशी फायनान्स कंपनीला देणेघेणे नसते.

समजा ४० लाखांचे बिल आहे, त्यावर ८० टक्के म्हणजे ३२ लाख उचलले आणि मुदत ९० दिवसांची. विसाव्या दिवशी खरेदीदाराच्या स्टोअरमधून फोन येतो की काही माल नापास आहे, सहा लाखांची डेबिट नोट (बिलातून तेवढी रक्कम कापल्याची चिठ्ठी) पाठवतो. तुम्ही “बघू, बोलून घेऊ” म्हणता. ड्यू डेटला खरेदीदार सहा लाख कापून चौतीस देत नाही, हिशेब मिटेपर्यंत पूर्ण चाळीस अडकवतो. तुमच्या मते वाद सहा लाखांचा असतो. हमीदार म्हणून तुमच्या नावावर मागणी येते ती ३२ लाख आणि त्यावरच्या व्याजाची.

इथे वाचवणारी गोष्ट त्या विसाव्या दिवसाच्याही आधीची आहे. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार खरेदीदाराने माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असेच धरले जाते. म्हणून डिलिव्हरी चलनावर पावतीची तारीख आणि शिक्का घ्या, जीआरएनची (माल मिळाल्याची खरेदीदाराने केलेली नोंद) प्रत मागून घ्या. तोंडी तक्रार आली तर त्याच दिवशी ईमेल करा : “आपला फोन आज आला, माल अमुक तारखेला पोचला आहे, लेखी हरकत आजवर मिळालेली नाही.” दोन ओळींचा हा ईमेल पुढे वर्षभराची भांडणे वाचवू शकतो. लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. ती उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते आणि फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (अशा थकीत बिलांचे वाद ऐकणारी सरकारी यंत्रणा) दाद मागता येते. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) मात्र पुरवठा करण्याआधीचीच असू द्या.

फायनान्स कंपनीलाही वादाची माहिती लगेच लेखी द्या. बऱ्याच करारांत ही अटच असते. ती मोडली तर चांगल्या वागणुकीचा तुमचा मुद्दा तिथेच संपतो.

आणि हमी मुळात द्यायलाच हवी का, हा प्रश्न आधी विचारा. खरेदीदार ट्रेड्स या बिलांवर वित्त मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर असेल (२५० कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे), तर तिथले वित्त पुरवठादारावर रिकोर्स न ठेवता मिळते. खरेदीदाराने बिल मान्य केले की पैसे बुडण्याची जोखीम फायनान्सरची. हा रस्ता उपलब्ध असताना घर हमीत गुंतवणे मला तरी चुकीचे वाटते.

डीडमधली चार वाक्ये न वाचणे

गॅरंटी डीड लांबलचक असते, पण नीट वाचायची वाक्ये थोडीच असतात. पहिले, हमी किती रकमेची. “आज देय असलेल्या व पुढे देय होणाऱ्या सर्व रकमा” असे लिहिले असेल तर लिमिट वाढेल तशी तुमची जबाबदारी वाढते. आकडा घालून मागा, त्यात व्याज आणि खर्च धरलेले आहेत की वेगळे, तेही लिहून घ्या. दुसरे, हमी ‘सतत चालू’ स्वरूपाची, म्हणजे एका व्यवहारापुरती नसून पुढच्या व्यवहारांनाही लागू असलेली, आहे का. तिसरे, भारतीय करार कायदा १८७२ मधली कलमे १३३, १३४, १३५, १३९ आणि १४१ यांखालचे हक्क सोडून दिल्याचे वाक्य. ही कलमे हमीदाराची ढाल आहेत : त्याला न विचारता कराराच्या अटी बदलल्या, कर्जदाराला परस्पर मोकळे केले किंवा मुदत दिली, तारण हातचे घालवले, तर हमीदार सुटतो किंवा त्याचा बोजा कमी होतो. छापील डीडमध्ये हे हक्क सर्रास सोडायला लावतात. सगळे परत मिळणार नाहीत, पण किमान १४१ साठी आग्रह धरा. त्यांच्या निष्काळजीपणाने तारण गेले तर त्याची भरपाई तुम्ही का करायची?

चौथे वाक्य मागणीविषयीचे. “आधी कंपनीकडून वसूल करा, मग माझ्याकडे या” हा बचाव चालत नाही. कलम १२८ प्रमाणे हमीदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. धनको (कर्ज देणारा) थेट हमीदारावर जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच स्पष्ट केले आहे. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि रिझोल्युशन प्लॅन (देणी मिटवण्याची योजना) मंजूर झाला, तरी हमीदार आपोआप सुटत नाही. ललितकुमार जैन प्रकरणात २१ मे २०२१ रोजी न्यायालयाने तेच सांगितले.

पैसे जुन्या खात्यात येऊ देणे

बिल विकल्यावर ते पैसे तुमचे राहत नाहीत. पण खरेदीदाराच्या अकाउंट्समध्ये तुमचे जुनेच खाते नोंदलेले असते, रक्कम तिथे जमा होते आणि त्याच आठवड्यात पगाराची तारीख असते. “पुढच्या बिलातून भरू” म्हणून ती वापरली जाते. माणूस अडचणीत असतो, हेतू वाईट नसतो. तरीही फॅक्टरिंग कायदा २०११ अशी रक्कम फायनान्सरसाठी विश्वस्त म्हणून धरलेली मानतो. म्हणजे पैशांच्या वादाला इथून पुढे विश्वासघाताच्या तक्रारीचे वळण लागू शकते. आली त्या दिवशी रक्कम वळती करा, बिल नंबर लिहून कळवा आणि खरेदीदाराकडून नवे खाते नोंदवल्याची लेखी पोच घ्या.

एकच बिल दोन ठिकाणी लावणे ही चूक नाही, फसवणूक आहे. त्यावर जास्त लिहायची गरज नाही.

कंपनी सोडली, हमी राहिली

भागीदारीतून किंवा संचालकपदावरून बाहेर पडणाऱ्यांचे हाल मला सगळ्यात जास्त टोचतात. राजीनाम्याची नोंद झाली, शेअर विकले, निरोप समारंभही झाला. हमी मात्र जागच्या जागी. दोन-तीन वर्षांनी नव्या लोकांनी उचललेल्या बिलांची मागणी यांच्या दारात येते.

करार कायद्याच्या कलम १३० नुसार सतत चालू असलेली हमी पुढच्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेता येते. बिल डिस्काउंटिंगमध्ये या तरतुदीला फार किंमत आहे, कारण इथे प्रत्येक बिल हा साधारणपणे वेगळा व्यवहार असतो. डीडमध्ये काही वेगळे ठरलेले नसेल तर नोटीस पोचल्यानंतर डिस्काउंट झालेली बिले तुमच्या हमीबाहेर राहतात. म्हणून बाहेर पडताना नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने द्या आणि त्या तारखेला थकीत असलेल्या बिलांची यादी मागा : बिल नंबर, रक्कम, ड्यू डेट.

यादी का, हेही समजून घ्या. नोटिशीनंतर कंपनीकडे पैसे येत राहतात. ते कोणत्या बिलात जमा करायचे हे कर्जदाराने सांगितले तर धनकोला तसेच करावे लागते. सांगितले नाही तर धनको आपल्या सोयीने जमा करू शकतो (कलमे ५९ आणि ६०), आणि मग नवी बिले फिटतात, तुमच्या हमीतली जुनी तशीच राहतात. बाहेर पडतानाच्या करारात कंपनीकडून लिहून घ्या की यादीतल्या बिलांचे पैसे त्याच बिलांत भरले जातील.

नोटिशीला गप्प बसणे किंवा घाईने उत्तर देणे

आधी नोटीस कसली आहे ते पाहा. चेक परत गेल्याची असेल तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायचे असतात. ‘सिक्युरिटी चेक होता’ एवढ्या बचावावर विसंबू नका. सरफेसीची (कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन वसुली करू देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस असेल तर हरकत लेखी नोंदवा, त्यांना १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. पुढे ताब्याची कारवाई झाली तर डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जायला ४५ दिवस असतात. घर गहाण ठेवलेले नसेल आणि केवळ हमी दिली असेल, तर सरफेसीखाली त्या घराचा ताबा घेता येत नाही. आधी दावा किंवा लवाद लागतो. वसुली एजंट घरात शिरून धमकावू लागला तेव्हा हा फरक माहीत असावा. हमीदारालाही सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत.

लवादाची नोटीस आली आणि एकमेव लवाद फायनान्स कंपनीनेच परस्पर नेमला असेल, तर पहिल्याच उत्तरात लेखी हरकत घ्या. अशी एकतर्फी नेमणूक चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे.

उत्तरात “थोडा वेळ द्या, सगळे भरतो” असे लिहू नका. मुदतीत दिलेल्या अशा लेखी कबुलीने वसुलीच्या दाव्याची मुदत नव्याने मोजली जाते आणि रकमेवरचा तुमचा आक्षेपही बोथट होतो. त्याऐवजी बिलवार खातेउतारा मागा, दंडाची आकारणी तपासा (१ एप्रिल २०२४ पासून बँका आणि एनबीएफसी, म्हणजे बँकेतर वित्त कंपन्या, यांना दंड व्याजदरात मिसळता येत नाही) आणि चर्चेचा प्रस्ताव जबाबदारी मान्य न करता पाठवा.

तडजोड झाली, कागद राहिले

वन टाइम सेटलमेंटचे पत्र कंपनीच्या नावे निघते आणि त्यात हमीदाराचा उल्लेखच नसतो. प्रत्येक हमीदाराचे नाव घालून तो मुक्त झाल्याचे लिहून घ्या, मूळ डीड आणि चेक परत घ्या, क्रेडिट रिपोर्टमधली नोंद बदलली का ते स्वतः पाहा. एका हमीदाराला सोडले म्हणून बाकीचे सुटत नाहीत.

पैसे तुम्ही भरले असतील तर आणखी एक कागद घ्यायचा असतो, आणि तोच हमखास राहतो. बिल अजून फायनान्स कंपनीच्या नावावर हस्तांतरित असते, त्यामुळे खरेदीदारावर दावा करायला गेलात की तो विचारतो, बिल तुमचे आहे कुठे? पैसे भरतानाच बिल परत तुमच्या कंपनीच्या नावे केल्याचे पत्र घ्या आणि त्याची प्रत खरेदीदाराला पाठवा. स्वतःच्या खिशातून भरलेल्या हमीदाराला कलम १४० प्रमाणे धनकोचे हक्क मिळतात, तेही त्या पत्रात नमूद करून घ्या. खरेदीदारावरच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत साधारणपणे बिलाच्या ड्यू डेटपासूनच मोजली जाते, तडजोडीच्या तारखेपासून नाही.