बीएमएसमध्ये बीबीएमडी लावताना या चुका टाळा

समजा, नागपूरच्या मिहानमधली एक ऑफिस इमारत आहे. बीएमएस (इमारतीतली यंत्रणा सांभाळणारी प्रणाली) सर्व्हर १०.२०.१०.० या सबनेटवर (नेटवर्कच्या एका भागावर), चिलर प्लांट १०.२०.२०.० वर आणि मजल्यांवरचे एएचयू (थंड हवा फिरवणारी युनिट) १०.२०.३०.० वर. पिंग सगळीकडे लागतं, पण डिस्कव्हरी (नेटवर्कवरची उपकरणं शोधणं) चालवली की सर्व्हरला फक्त त्याच्याच सबनेटमधले कंट्रोलर दिसतात. आयटीवाले म्हणतात नेटवर्क ठीक आहे, आणि ते खरंही असतं. बॅकनेट-आयपी या उपकरणांच्या आपसातल्या भाषेत ‘हू-इज’ (कोण आहे?) हा प्रश्न यूडीपी पोर्ट ४७८०८ वर ब्रॉडकास्ट होऊन (सबनेटमधल्या सगळ्यांना एकदम) जातो आणि राउटर ब्रॉडकास्ट पलीकडे सोडत नाही. तो पलीकडे न्यायचं काम बीबीएमडीचं, म्हणजे बॅकनेट ब्रॉडकास्ट मॅनेजमेंट डिव्हाइसचं.

काहीही बदलण्याआधी एक चाचणी करा. पलीकडच्या सबनेटमधला एक कंट्रोलर आयपी पत्ता टाकून सर्व्हरमध्ये हाताने जोडा. पॉइंट वाचता आले, तर राउटिंग आणि फायरवॉल ठीक आहेत. दोष फक्त ब्रॉडकास्टचा आहे. वाचता आले नाहीत, तर बीबीएमडीला हात लावू नका, आधी ४७८०८ दोन्ही दिशांनी उघडून घ्या.

एका सबनेटमध्ये दोन बीबीएमडी

सर्वांत जास्त त्रास इथे होतो. बऱ्याच कंट्रोलरमध्ये बीबीएमडीचा पर्याय असतो आणि ‘असू दे चालू’ म्हणून तो सगळीकडे टिक केला जातो. शिवाय सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्येही तो चालू असतो, तो कुणाच्या लक्षातच येत नाही. मग एकच ब्रॉडकास्ट दोघेही पुढे पाठवतात आणि पलीकडे प्रत्येक संदेश दोनदा पोहोचतो. आयपीच्या वायरवर हे जाणवत नाही. पण तोच संदेश ३८४०० बॉडच्या एमएस-टीपी ट्रंकवर (कंट्रोलर जोडणाऱ्या संथ सिरियल केबलवर) उतरतो तेव्हा ट्रंक गुदमरते आणि एएचयू आळीपाळीने ऑफलाइन दिसू लागतात. मग आठवडाभर केबल आणि टर्मिनेशन रेझिस्टर तपासले जातात.

एका सबनेटमध्ये, एका पोर्टसाठी, एकच बीबीएमडी. दुसरी यंत्रणा ४७८०९ वर चालत असेल, तर तिचा बीबीएमडी वेगळा. बीबीएमडीचा आयपी स्थिर ठेवा. डीएचसीपीने (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सोयीने) तो बदलला की बाकी सगळ्यांच्या तक्त्यातली (बीडीटी, म्हणजे बीबीएमडींच्या पत्त्यांची यादी) त्याची ओळ निरुपयोगी होते.

अर्धवट तक्ता

तीन सबनेट म्हणजे तीन बीबीएमडी, आणि प्रत्येकाच्या बीडीटीत तीन ओळी, स्वतःची धरून. तिन्ही तक्ते सारखे हवेत. सर्व्हरकडच्या तक्त्यात प्लांटची ओळ आहे, पण प्लांटकडच्या तक्त्यात सर्व्हरची नाही, असं झालं की लक्षण फसवं असतं: हू-इज पोहोचतो, पण ‘आय-ॲम’ (मी आहे) ब्रॉडकास्ट करणाऱ्या उपकरणांचं उत्तर परत येत नाही. काही उपकरणं आय-ॲम थेट विचारणाऱ्याकडे पाठवतात, ती मात्र दिसतात. अर्धी उपकरणं दिसतात, अर्धी नाहीत, असं झालं तर आधी तक्ते समोरासमोर ठेवून बघा. नवा सबनेट वाढला की सगळेच तक्ते बदलायचे.

तक्त्यात मास्कचा रकाना असतो. तिथे सवयीने २५५.२५५.२५५.० टाकू नका. त्याचा अर्थ होतो ‘पलीकडच्या सबनेटला थेट ब्रॉडकास्ट कर’, आणि असे ब्रॉडकास्ट राउटर सहसा अडवतात. २५५.२५५.२५५.२५५ टाकलं की संदेश पलीकडच्या बीबीएमडीला थेट जातो आणि तोच तिथे ब्रॉडकास्ट करतो.

उपकरणावरचा चुकीचा सबनेट मास्क

पत्ते संपले म्हणून एएचयूचा सबनेट २५५.२५५.२५४.० करून वाढवला, पण जुने कंट्रोलर २५५.२५५.२५५.० वरच राहिले. आता जुने १०.२०.३०.२५५ वर ब्रॉडकास्ट करतात, नवे १०.२०.३१.२५५ वर. शेजारी बसूनही एकमेकांना ऐकू येत नाहीत, आणि दोष बीबीएमडीवर ढकलला जातो.

नेटवर्क क्रमांक

बीबीएमडीने जोडलेले सगळे आयपी सबनेट मिळून एकच बॅकनेट नेटवर्क होतं. त्यांचा क्रमांक एकच ठेवा. उलट प्रत्येक एमएस-टीपी ट्रंकला १ ते ६५५३४ मधला स्वतंत्र क्रमांक हवा. कारखान्यातून आलेला क्रमांक आयपी आणि ट्रंक जोडणाऱ्या दोन बॅकनेट राउटरांवर तसाच राहिला, तर एका ट्रंकसाठीचे संदेश दुसरीकडे जातात. आमची शिफारस: सबनेट २० मधली पहिली ट्रंक २००१, आणि तिच्यावरच्या १२ नंबरच्या कंट्रोलरचा डिव्हाइस इन्स्टन्स (संपूर्ण यंत्रणेतला त्याचा एकमेव क्रमांक) २००१०१२. इन्स्टन्सची कमाल मर्यादा ४१९४३०२ आहे, त्यामुळे ही पद्धत वापरताना ट्रंकचा क्रमांक ४१९३ च्या आत ठेवा.

लॅपटॉप आणि बाहेरची साइट

लॅपटॉपवर वेगळा बीबीएमडी लावू नका. लॅपटॉप एखाद्या चालू बीबीएमडीकडे फॉरेन डिव्हाइस (बाहेरचं उपकरण) म्हणून नोंदवा. टीटीएल (नोंदणीची मुदत) ३०० सेकंद पुरतो, मात्र सॉफ्टवेअरने ती मुदत संपण्याआधी पुन्हा नोंदणी केली पाहिजे. पाच मिनिटांनी नवी उपकरणं दिसेनाशी झाली, तर इथेच बघा. वाय-फाय बंद ठेवा, नाहीतर ब्रॉडकास्ट भलत्याच ॲडॅप्टरमधून निघतो.

बुटीबोरीचा प्लांट शहरातल्या ऑफिसमधून बघायचा असेल, तर साइट-टू-साइट व्हीपीएन घ्या. पुढे पाठवलेल्या संदेशात मूळ आयपी पत्ता लिहिलेला असतो आणि उत्तर त्याच पत्त्यावर जातं, म्हणून मध्ये नॅट (आयपी पत्ते बदलणारी सोय) आलं की उत्तर हरवतं. ४७८०८ इंटरनेटवर उघडणं तर सरळ धोक्याचं आहे: बॅकनेट-आयपीत पासवर्ड तपासणी नाही, कुणीही सेटपॉइंट बदलू शकतो.

दोष शोधताना

मॅनेज्ड स्विचवर पोर्ट मिरर करा (एका पोर्टवरच्या संदेशांची प्रत दुसऱ्यावर घ्या) आणि वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरचे संदेश दाखवणारं सॉफ्टवेअर) यूडीपी ४७८०८ गाळा. सर्व्हरच्या सबनेटमध्ये ‘ओरिजिनल-ब्रॉडकास्ट’ दिसला पाहिजे, दोन बीबीएमडींमध्ये ‘फॉरवर्डेड-एनपीडीयू’ (पुढे पाठवलेला संदेश), आणि पलीकडच्या सबनेटमध्ये तोच ब्रॉडकास्ट झालेला. साखळी जिथे तुटते तिथे दोष. पलीकडे एका हू-इजचे दोन फॉरवर्डेड ब्रॉडकास्ट झालेले दिसले, तर दुसरा बीबीएमडी शोधा.

एकदा ओळख झाली की पॉइंटचं वाचन थेट पत्त्यावर चालतं. त्यामुळे बीबीएमडी बंद पडला तरी ग्राफिक्स कित्येक दिवस व्यवस्थित दिसत राहतात आणि दोष सर्व्हर रिस्टार्ट झाल्यावरच उघडा पडतो. नागपुरात तो मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर आणि चिलर पूर्ण भारावर असताना उघडा पडू नये. म्हणून जानेवारीत चाचणी उरका: बीबीएमडीचा वीजपुरवठा बंद करून पुन्हा चालू करा, बीडीटी वाचा आणि नवी डिस्कव्हरी चालवा. काही कंट्रोलर फ्लॅशमध्ये जतन न केलेला तक्ता वीज जाताच विसरतात. तसं आढळलं तर तक्ता जतन करून हीच चाचणी पुन्हा घ्या.