गव्हाला जिवाणूंची बीजप्रक्रिया कशी करायची (आणि पाकीट वाया कसं जातं)

नोव्हेंबर लागला की कृषी सेवा केंद्रात युरिया, डीएपीसाठी गर्दी होते आणि जिवाणू संवर्धकाची ती काळी पावडर कोपऱ्यात पडून राहते. कुणी नेलीच तर "टाकून बघू" म्हणून नेतं आणि नंतर म्हणतं काही फरक दिसला नाही. कसा दिसणार, निम्म्या वेळा ते जिवाणू रानात पोचायच्या आधीच मेलेले असतात!

गव्हाला दोन पाकिटं लागतात, ॲझोटोबॅक्टर आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू). पहिला हवेतला नत्र थोडाफार धरून देतो आणि मुळं वाढवणारी द्रव्यं सोडतो, दुसरा जमिनीत अडकून बसलेला स्फुरद मोकळा करतो. रायझोबियम नको, ते हरभरा-सोयाबीनचं, दुकानदाराने हातात दिलं तरी परत करा. पाकिटावरची तारीख बघा, आणि उन्हात ठेवलेला माल असेल तर तारीख कितीही पुढची असो, घेऊ नका.

प्रमाण 10 किलो बियाण्याला प्रत्येकी 250 ग्रॅम, म्हणजे वेळेवरच्या पेरणीला एकरी 40 किलो बी धरलं तर दोन्ही एकेक किलो. लिटरभर पाण्यात सव्वाशे ग्रॅम गूळ टाकून उकळायचं आणि पूर्ण गार होऊ द्यायचं, कोमट चालेल असं म्हणू नका. त्यात पावडर कालवून पातळसर लगदा करा, बी सावलीत ताडपत्रीवर पसरा, लगदा शिंपडून हलक्या हाताने वरखाली करा. 10 किलोला अर्ध्या लिटरच्या आतच पाणी बसवा, जास्त झालं तर बी फुगतं आणि पेरणी यंत्रातून नीट पडत नाही. प्रत्येक दाण्यावर काळपट थर दिसला की झालं, सावलीतच अर्धा तास सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.

थायरमसारखं बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, कीटकनाशक त्यानंतर, जिवाणू सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की सगळं मुसळ केरात. पिशवीतलं बी आधीच गुलाबी रंगाचं, औषध लावलेलं असेल तर मी बियाण्याच्या भानगडीतच पडत नाही, एकरी 2 किलो पावडर चाळलेल्या शेणखतात मिसळून ओलीवर टाकतो. रोगाच्या बुरशीवर उपाय म्हणून लावतात ती ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे, त्यामुळे बुरशीनाशक आणि ती एकाच बियाण्याला लावणं म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणं. आणि जिवाणू लावलेलं बी रासायनिक खतात मिसळून पेरू नका, खताची पेटी वेगळी असते ती त्यासाठीच.

आता काही जण विचारतात मग युरिया बंद करू का, तर नाही. बागायती गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्राची शिफारस आहे, तेवढा नत्र ॲझोटोबॅक्टर देऊ शकत नाही. खरा फायदा मुळांचा. काही जिवाणू मुळावर राहतात, काही थेट मुळाच्या आत पेशींमध्ये घर करतात, आणि मायकोरायझा नावाची बुरशी तर मुळातून बारीक धागे लांबवर सोडून स्फुरद, जस्त ओढून आणते. हे गव्हाचे मूळचे सोबती, जमिनीत असतातच. पण काड जाळलं, किंवा दरवर्षी डीएपी ओतत राहिलं की मायकोरायझाचं काम मंदावतं, स्फुरद आयता मिळतोय म्हटल्यावर पीकही तिला विचारत नाही.

पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांनी मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी पक्की मुळं) फुटतात, पहिलं पाणी तेव्हाच असतं. पाणी द्यायच्या आधी दोन-चार रोपं खुरप्याने खोलवरून मातीसकट काढा, उपटू नका, आणि हळूच झटका. माती सगळी गळून न पडता मुळांना बाहीसारखी चिकटून राहिली तर मुळं आणि जिवाणू दोघांचंही बरं चाललंय, ती माती मुळांचा आणि जिवाणूंचा चिकट स्राव धरून ठेवतो.

रानाच्या एका कडेला आठ-दहा ओळी बिनाप्रक्रियेच्या पेरा, बाकी खत-पाणी सारखंच. फुटवे दोन्हीकडचे मोजा, काढणीला तेवढाच तुकडा दोन्हीकडून वेगळा मळून वजन करा. पुढच्या वर्षी पाकिटावर पैसे घालायचे का नाही ते त्या वजनावरून ठरवा, दुकानदाराच्या बोलण्यावरून नको.