गाडीच्या समोरच्या काचेला तडा गेला तर या चुका टाळा

विदर्भातल्या वणी-वरोरा रस्त्यावर कोळशाचे टिप्पर दिवसरात्र धावतात आणि त्यांच्या मागून जाणाऱ्या लहान गाड्या काच टिचवून माझ्या दुकानी येतात. या धंद्यात मला एकवीस वर्षं झाली. गिट्टी उडून काचेवर बसली, तर त्यात गाडीवाल्याचा दोष असतोच असं नाही. पण त्यानंतरच्या पंधरा दिवसांत तो जे करतो किंवा करत नाही, त्यानंच बहुतेक काचा हातच्या जातात. त्याच त्या चुका पाहून जीव विटला, म्हणून हे लिहितो आहे.

आधी काच समजून घ्या. समोरची काच एकसंध नसते. दोन पातळ काचा आणि त्यांच्यामधे पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा पारदर्शक पापुद्रा, अशी ती दाबून एक केलेली असते. म्हणून ती फुटली तरी अंगावर कोसळत नाही, तुकडे पापुद्र्याला धरून राहतात. गिट्टी लागली की बहुधा बाहेरची काच टिचते, आतली शाबूत राहते. आत बसून त्या जागेवर नख फिरवा. गुळगुळीत लागलं तर आतली काच वाचली. दारांच्या काचा मात्र बहुधा टफन्ड असतात, फुटल्या की ज्वारीच्या दाण्यांसारखा चुरा होतो. त्यांची दुरुस्ती नाही, सरळ बदला.

"एवढुसाच तर टिचला हाये"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की गाडी थांबायच्या आत ते कानात वाजायला लागतं.

ज्वारीच्या दाण्याएवढी टिच म्हणजे काचेत बसून राहिलेला ताण. दिवसा ऊन, रात्री गारवा, रस्त्यावरचे हादरे, दार आपटणं, यातल्या प्रत्येकानं ती टिच थोडी थोडी उघडते. आणि आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे ४५-४६ अंश. दुपारी उभ्या गाडीच्या काचेवर हात ठेवून पाहा, ठेवता येणार नाही.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. मारेगावकडचे एक गुरुजी. मार्चमध्ये गिट्टी लागली, ड्रायव्हरच्या दुसऱ्या बाजूला, काचेच्या मधोमध. रुपयाच्या नाण्याखाली पूर्ण झाकली जाईल एवढी टिच. मी म्हटलं, "गुरुजी, अर्ध्या तासाचं काम आहे, आत्ताच रेझिन, म्हणजे टिच बुजवायचा चिकट द्रव, भरून घ्या." ते म्हणाले, "परीक्षा होऊ द्या न भाऊ, मंग येतो निवांत." परीक्षा झाल्या, पेपर तपासून झाले, मे उजाडला. एक दिवस दुपारी दोन वाजता ते चंद्रपूरहून घरी आले. गाडीवर धूळ बसली होती, म्हणून पोरानं बोअरचं थंड पाणी बादलीत भरून सरळ काचेवर ओतलं. टक्कन आवाज झाला. टिचेतून निघालेली चीर एका झटक्यात डाव्या पिलरपर्यंत, म्हणजे काचेच्या बाजूच्या खांबापर्यंत गेली. दुसरे दिवशी गुरुजी आले तेव्हा पोरगं खाली मान घालून सोबत उभं होतं. त्याला रागावू नका म्हणालो, कारण पोरानं फक्त शेवटचा धक्का दिला होता. काच तर दोन महिन्यांपासून फुटायला बसली होती.

तापलेल्या काचेवर थंड पाणी पडलं, की वरचा थर झटकन आकसतो आणि आतला तापलेलाच राहतो. एसीनंही हेच होतं, फक्त आतून. भर उन्हातल्या गाडीत बसून लगेच एसी पूर्ण वेगानं काचेवर सोडणारे लोक पाहिले, की माझे हात शिवशिवतात. चारी काचा खाली करा, दोन-तीन मिनिटं गाडी चालवा, गरम हवा निघून जाऊ द्या, मग एसी लावा आणि तो अंगावर घ्या, काचेवर नको. डिसेंबरच्या सकाळी दव पडलं म्हणून चुलीवरचं गरम पाणी ओतणारेही आहेत. तीच चूक, उलट्या बाजूनं.

टिच पडली की गाडी बाजूला घ्या, काच कोरड्या कपड्यानं पुसा आणि त्या जागेवर पारदर्शक सेलोटेपचा तुकडा चिकटवा. एवढंच करा. धूळ आणि पाणी आत गेलं, की रेझिन नीट भरत नाही आणि डाग कायमचा राहतो. मी माझ्या गाडीच्या खणात सेलोटेपचं बंडल ठेवतो, आणि दुकानातून जाणाऱ्या गिऱ्हाइकालाही एक घेऊन ठेवायला सांगतो.

फेविक्विक भरू नका. टूथपेस्ट भरू नका. मोबाइलवर व्हिडिओ पाहून भरलेलं फेविक्विक मला काढता येत नाही, आणि त्याच्या खाली रेझिनही जात नाही.

दुरुस्ती कुठवर होते, याचा माझा हिशोब साधा आहे. टिच रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली, काचेच्या कडेपासून चार बोटं आत असली आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर नसली, तर भरतो. कडेची चीर भरून थांबत नाही, कारण काचेचा सगळ्यात जास्त ताण कडेलाच असतो. आणि नजरेसमोरची टिच कितीही चांगली भरली तरी बारीक खूण राहते. रात्री समोरच्या ट्रकचा लाइट त्या खुणेवर फाकतो आणि रस्ता दिसेनासा होतो. तिथे काच बदलणंच बरं.

घरी रेझिनची किट आणून भरणाऱ्यांसाठी एकच सांगतो, उन्हात करू नका. ते रेझिन ऊन लागून कडक होतं. उन्हात भरलं तर टिचेच्या टोकापर्यंत जायच्या आधीच घट्ट बसतं. सावलीत, थंड काचेवर भरा आणि भरून झाल्यावर गाडी उन्हात काढा.

"ऊन हाये न, वाळून जाईन"

नवी काच बसवल्यावरची ही दुसरी चूक. माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी.

पूर्वी आपल्याकडे जीप होत्या, मेटॅडोर होते, ओम्नी होती. त्यांची काच रबराच्या बिडिंगमध्ये बसायची. बिडिंगच्या खाचेत दोरी घालायची, साबणाचं पाणी लावायचं, एकानं बाहेरून काच दाबायची, दुसऱ्यानं आतून दोरी ओढायची, की अर्ध्या तासात गाडी रस्त्यावर. ट्रकच्या आणि ट्रॅक्टर केबिनच्या कित्येक काचा अजून तशाच बसतात. तो हिशोब लोकांच्या डोक्यातून गेलेला नाही. "आमच्या जीपची काच तर चहा होईपर्यंत बसे," असं म्हणत ते नव्या गाडीच्या चाकाशी उभे राहतात.

नव्या गाडीची काच पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटनं, म्हणजे एका घट्ट डिंकासारख्या पदार्थानं चिकटवलेली असते. ती नुसती हवा अडवत नाही, छताला आधार देते. शेजारच्या सीटची एअरबॅग फुगते तेव्हा बहुतेक गाड्यांत ती याच काचेला टेकून माणसाकडे वळते. सीलंट कच्चं असेल तर काच बाहेर ढकलली जाईल आणि एअरबॅग असून नसल्यासारखी होईल.

आता मुख्य गोष्ट. हे सीलंट उन्हानं वाळत नाही, ते हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतं. म्हणजे आपल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते हळू घट्ट होतं आणि श्रावणात लवकर. (श्रावणात फ्रेम मात्र पूर्ण कोरडी करून घ्यावी लागते.) उन्हात उभी केलेली गाडी वरून हात लावला तर कोरडी वाटते, आतला थर मऊच असतो.

असाच एक जण लग्नाच्या सीझनमध्ये आला. भाचीचं लग्न, वरातीला गाडी पाहिजे. सकाळी दहाला काच बसवली. मी म्हटलं, उद्या सकाळी न्या. तो म्हणाला, "बाप्पा, वरात का उद्या हाये?" बारा वाजता फोन, एक वाजता माणूस, दोन वाजता तो स्वतः. मी गाडी दिली. नाही म्हणायला पाहिजे होतं, ते म्हटलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. गाडीत सहा माणसं बसली, सगळ्या काचा वर आणि दारं धाडधाड लावली. बंद गाडीत दार आपटलं, की आतली हवा समोरच्या काचेला बाहेर ढकलते. वरून रस्ता तसा. काचेचा उजवा वरचा कोपरा केसभर उचलला, कुणाला दिसला नाही, वरात झाली, सगळे खूश.

मृग लागला आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी पिलरमधून उतरून डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समध्ये गेलं. ऐन पेरणीच्या दिवसांत बियाणं आणायला निघालेला माणूस रस्त्यात अडकला. वायरिंगचा खर्च काचेच्या दीडपट आला. काच मी पुन्हा बसवून दिली, पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून माझा नियम असा, की उन्हाळ्यात बसवलेली काच त्या दिवशी रस्त्यावर जात नाही. ट्यूबवर कमी तास लिहिलेले असले तरी नाही, ते तास ठरावीक तापमान आणि दमट हवा धरून लिहिलेले असतात. गाडी रात्रभर दुकानात राहते. एका दाराची काच दोन बोटं खाली ठेवलेली असते आणि काच हलू नये म्हणून कडेला लावलेली टेप दुसऱ्या दिवशीच निघते. टेप विचित्र दिसते म्हणून वाटेतच ओढून फेकू नका. दोन दिवस प्रेशरनं गाडी धुऊ नका. ज्याला थांबायला जमत नाही, त्याला मी हात जोडून दुसरं दुकान दाखवतो.

काही ठिकाणी पीयूच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन लावतात. ते बाथरूमच्या फटीसाठी आहे. तुमच्यासमोर ट्यूब फोडायला लावा, तिच्यावरचं नाव आणि तारीख वाचा. मुदत संपलेली किंवा उन्हात तापलेली ट्यूब घट्ट होऊन येते आणि नीट धरत नाही. मी उन्हाळ्यात ट्यूबा कूलरच्या खोलीत ठेवतो.

शिकाऊ पोरांनाही चार शब्द. जुनी काच काढताना पात्यानं रंग खरवडला, तर त्या ओरखड्याला प्रायमर (सीलंटखालचा अस्तराचा लेप) लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिथे गंज धरतो आणि गंजावर सीलंट टिकत नाही. जुनं सीलंट पत्र्यापर्यंत तासू नका, एक-दोन मिलिमीटरचा थर राहू द्या, नवं सीलंट त्यालाच चांगलं धरतं. चिकटवायच्या जागेला बोट लावू नका. मे महिन्यात कपाळाचा घाम प्रायमरवर टपकतो, म्हणून मी हे काम सकाळी सातला करतो आणि डोक्याला दुपट्टा बांधतो. दोन महिने हाताखाली राहून स्वतःचा बोर्ड लावणारी पोरं हेच शिकलेली नसतात, आणि त्यांच्या हातची गळती काढायला गाड्या नंतर माझ्याकडे येतात.

काच घेताना

कोपऱ्यातला शिक्का वाचा. आयएसआयची खूण आणि लॅमिनेटेड असल्याचा उल्लेख पाहिजे. मग काच उभी धरून तिच्यातून विजेच्या खांबाकडे बघत डोकं हलवा. खांब वाकला, लाटेसारखा हलला, तर ती काच परत करा. बसवल्यावर डोकं दुखतं म्हणून तक्रार करून उपयोग नाही.

भंगारातली काच नको. तिची कड कुठे ना कुठे टवका उडालेली असतेच.

आरशामागे कॅमेरा असलेली गाडी असेल तर नुसती काच बदलून भागत नाही, कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. त्याचं यंत्र माझ्याकडे नाही. अशी गाडी मी सरळ नागपूरला पाठवतो.

नव्या काचेवर काळी फिल्म लावू नका. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आत आला पाहिजे, बाजूच्या काचांतून ५०, आणि वरून फिल्म चिकटवायला सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्येच मनाई केली.

विम्याचं

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत. पूर्ण विमा असेल तर काचेवर घसारा (जुनेपणाची घट) धरत नाहीत, पण खाजगी कारला १५०० सीसीपर्यंत १,००० आणि वर २,००० रुपये तुमच्या खिशातून जातात. आणि क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. समजा ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) हप्ता ९,००० रुपये आहे आणि या नूतनीकरणाला ४५ टक्के बोनस मिळणार होता. काच ६,५०० ची, हातात येतील ५,५००. या वर्षी ४,०५० ची सूट गेली. पुढच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्के मिळेल, म्हणजे आणखी २,७०० गेले. बोनस राखणारं जादा कलम घेतलेलं नसेल तर लहान गाडीची काच रोखीनं बदललेली बरी. मोठ्या गाडीची महाग काच असेल तर क्लेम करा, पण विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं पाहायच्या आधी जुनी काच काढायला लावू नका. आधी काढून मग मला "बिल मागच्या तारखेचं द्या" म्हणणारे येतात. मी देत नाही.

फुटलेल्या काचेनं गाडी न्यायची असेल तर

चीर फक्त बाहेर असेल आणि समोर नीट दिसत असेल, तर हळू या, एक काच थोडी उघडी ठेवून या. आत कण पडत असतील किंवा काच मधे फुगली असेल तर गाडी हलवू नका, फोन करा. काच लाथेनं पाडून चष्मा लावून येणारे मी पाहिले आहेत. एकाच्या डोळ्यात घुंगुरडं गेलं, तो थोडक्यात वाचला.

टिप्परच्या मागे चिकटून गाडी चालवू नका. मागच्या दोन चाकांच्या फटीत अडकलेला दगड सुटतो तो थेट तुमच्या काचेवर. ताडपत्री नसलेला गिट्टीचा ट्रक दिसला तर मी थांबून चहा घेतो, तो पुढे जाऊ देतो.

आणि फास्टॅग. जुन्या काचेवरून काढताना तो फाटतो, नव्या काचेला चालत नाही. काच बदलायच्या आदल्या दिवशीच बँकेकडे नवा मागवा, नाहीतर हैदराबाद रोडच्या पहिल्याच नाक्यावर जादा टोल भराल.