सांगली-साताऱ्याच्या मराठी साइटला ॲडसेन्सची मंजुरी: कुठे अडतं आणि काय करावं

गूगल ॲडसेन्स म्हणजे साइटवर जाहिराती लावून पैसे देणारी गूगलची सेवा. तिच्याकडून नकार आला आणि कारणात ‘लो व्हॅल्यू कंटेंट’ लिहिलेलं असेल, तर तिने दिलेला जाहिरातींचा कोड पुन्हा पुन्हा चिकटवून उपयोग नाही. साइटवरचा मजकूर फारच तोकडा आहे किंवा तोच दुसरीकडेही मिळतो, असा या शेऱ्याचा अर्थ. मराठी ही ॲडसेन्सच्या मान्य भाषांपैकी आहे, त्यामुळे ‘आधी इंग्रजीत लिहा, मंजुरी घ्या, मग मराठीकडे वळा’ हा सल्ला सरळ सोडून द्या. किमान किती लेख किंवा रोज किती वाचक हवेत, असा आकडाही गूगलने ठेवलेला नाही. तीस लेख, पन्नास लेख हे सगळं ऐकीव आहे.

तोकडं म्हणजे काय, ते इथल्याच उदाहरणाने पाहू. पावसाळ्यात अख्खी सांगली कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी शोधत असते. त्यासाठी रोज नवं पान काढायचं, ‘आज पाणी ३२ फूट’ लिहायचं आणि खाली एक फोटो टाकायचा, अशी पद्धत पडते. दोन महिन्यांत ६० पानं होतात, पण दोन ओळींच्या पलीकडे कशातच काही नसतं. त्याऐवजी एकच पान करा आणि तेच रोज भरत जा. तारीखवार तक्ता द्या, ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका या पातळ्या दाखवा, कोयना धरणातून किती विसर्ग चालू आहे ते लिहा. आकडा कुठून घेतला आणि किती वाजताचा आहे, तेही नोंदवा. सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड अशा सखल भागांत किती फुटांना पाणी शिरतं आणि तेव्हा गाडी कुठे नेऊन लावायची, हे तिथल्या रहिवाशांना विचारून लिहा. ही माहिती दुसऱ्या साइटवरून उचलता येत नाही, म्हणूनच तिला किंमत आहे.

हळद-बेदाण्याच्या दरांचंही तसंच. बाजार समितीचा तक्ता नुसता उतरवून काढला तर ते पान तुमचं होत नाही. त्याच दिवशी दोन वक्कलांच्या (मालाच्या ढिगांच्या) दरांत फरक का पडला, शेतकऱ्याच्या हातात पडलेली पट्टी (विक्रीचा हिशेब) कशी वाचायची, हमाली-तोलाईचे रकाने कसे मोजायचे, हे सांगितलं की ते पान तुमचं झालं. वाईला तयार झालेला विश्वकोश ऑनलाइन खुला आहे म्हणून त्यातली नोंद उचलून अजिंक्यताऱ्यावर लेख लावला, तर तीही नक्कलच. भरतीच्या जाहिराती, व्हॉट्सॲपवरचे सुविचार, यंत्राने भाषांतर करून न वाचताच टाकलेले लेख आणि दुसऱ्याने काढलेले कासचे फोटो अर्जापूर्वी काढून टाका. दहा चांगल्या पानांसोबत शंभर टाकाऊ पानं असतील तर ती दहाही झाकली जातात.

मराठी साइटची आणखी एक खास अडचण आहे आणि ती पटकन लक्षात येत नाही. छापखान्यातून किंवा डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर बहुतेक वेळा श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असतो. साइटवर तो फॉन्ट जोडला तर डोळ्यांना मराठी दिसतं, पण गूगलच्या हाती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ येतो. तपासणी सोपी आहे: साइटवरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. मराठी राहिली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या अक्षरांत आहे, नाहीतर मजकूर कन्व्हर्टरमधून काढावा लागेल. त्यानंतर रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांट्या नजरेखालून घाला, कारण चुका तिथेच राहतात. साप्ताहिकाची पानं जेपीजी करून टाकत असाल तर बातमीचा मजकूर वेगळा टंकून द्या. नुसत्या चित्रांच्या पानाला मंजुरी मिळवणं फार अवघड जातं.

आता बाकीची तयारी. परिचय, संपर्क आणि गोपनीयता धोरण ही तीन पानं ठेवा. धोरणात गूगल व इतर कंपन्या जाहिरातींसाठी कुकी वापरतात आणि वाचकाला वैयक्तिक जाहिराती बंद करता येतात, हे स्पष्ट लिहा. मेन्यूमधले रिकामे विभाग काढा. ‘क्रीडा’वर बोट ठेवलं आणि आत काहीच नाही, तर साइट अर्धवट वाटते.

अर्जदाराचं वय १८ पूर्ण हवं आणि एका व्यक्तीचं एकच खातं चालतं. जुन्या ईमेलवर विसरलेलं खातं असेल तर आधी ते बंद करा, नाहीतर दुसरा अर्ज त्याच कारणाने परत येतो. मंजूर खातं विकत घेण्याच्या भानगडीत पडूच नका. ॲडसेन्सचं खातं दुसऱ्याच्या नावावर होत नाही, पैसे मात्र जातात.

अर्जात मूळ डोमेन, म्हणजे साइटचा मुख्य पत्ता द्या. ब्लॉगस्पॉटच्या मोफत पत्त्यावरून ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉग-सेवेमार्फत अर्ज करता येतो. ॲडसेन्सने दिलेला कोड प्रत्येक पानाच्या हेड भागात टाका, मग पान उघडून कंट्रोल आणि यू दाबा आणि दिसणाऱ्या मजकुरात आपला पब्लिशर आयडी (ॲडसेन्स खात्याचा क्रमांक) शोधा. सापडला नाही तर कॅशे (साठवून ठेवलेली जुनी पानं) रिकामी करून पुन्हा पाहा. थीम (साइटचा साचा) बदलली किंवा अपडेट केली की हाताने टाकलेला कोड उडून जाऊ शकतो, त्यामुळे तपासणी चालू असताना थीमला हात लावू नका.

‘साइट उघडत नाही’ असं कारण आलं असेल तर चार गोष्टी बघा: ‘लवकरच येत आहोत’चं प्लगइन चालू राहिलं आहे का, वर्डप्रेसच्या रीडिंग सेटिंगमध्ये सर्च इंजिनला अडवणारी खूण आहे का, रोबोट्स फाइलमध्ये (कोणती पानं वाचायची हे सर्च इंजिनला सांगणाऱ्या फाइलमध्ये) बंदी आहे का आणि सुरक्षेचं प्लगइन गूगलच्या बॉटला (साइट वाचणाऱ्या प्रोग्रॅमला) परतवतं आहे का. तुमच्या मोबाइलवर साइट उघडते म्हणजे गूगललाही उघडते असं नाही. सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात पत्ता तपासला की गूगलला काय दिसतं ते कळतं.

तपासणीला सहसा काही दिवस लागतात, कधी दोन ते चार आठवडेही जातात. नकार आला तर त्याच दिवशी पुन्हा अर्ज करू नका. आधी दुरुस्ती पूर्ण करा. मंजुरी मिळाल्यावर घरच्यांना किंवा गावच्या ग्रुपवर ‘जाहिरातीवर क्लिक करा’ असं चुकूनही सांगू नका, त्याने खातं बंद होऊ शकतं.

पैसे मिळण्यासाठी १०० डॉलरची मर्यादा ओलांडावी लागते, पण त्याआधीच १० डॉलर जमले की पत्ता पडताळणीची पिन टपालाने येते. म्हणून अर्जातलं नाव बँक खात्यावरच्या नावाशी जुळतं ठेवा. पत्त्यात घर क्रमांक, गल्ली किंवा वाडी, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड पूर्ण लिहा. वाडीचं टपाल ज्या गावच्या पोस्टातून येतं त्याच पोस्टाचं नाव हवं. पत्र साध्या टपालाने येतं, सही घेतली जात नाही, म्हणून पोस्टमनला आधीच सांगून ठेवा. पहिली पिन निघाल्यापासून चार महिन्यांत ती खात्यात भरली नाही तर जाहिराती थांबतात. तीन-चार आठवडे वाट पाहूनही पत्र आलं नाही, तर खात्यातूनच दुसरी पिन मागवा.